दारात नदी आणि पूर टीव्हीत

वाळवंटीकाठ (धागाकर्ती), मंगळवार, रात्री ९:१२

साखळीला विठ्ठलापूरच्या बाजूला आमचं घर. मागच्या दारात उभं राहिलं की वाळवंटी दिसते. घाटाच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजायचं आणि त्यावरून पाण्याचा अंदाज घ्यायचा, ही सवय मला सासूबाईंनी लावली. रेडिओपेक्षा, टीव्हीपेक्षा, मामलेदाराच्या मेसेजपेक्षा आमचा भरवसा पायऱ्यांवर. निदान माझी समजूत तशी होती.

गेल्या जुलैतली गोष्ट. संध्याकाळी पुण्याहून मावशीचा फोन आला. आवाज रडवेला. "अगं, तुम्ही सगळे कुठे आहात? टीव्हीवर दाखवतायत, गोवा बुडालं!" मी म्हटलं, मावशी, मी कुळथाची पिठी ढवळतेय. बाहेर पाऊस होता, पण आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, तो जुलैत नाही पडायचा तर कधी पडायचा?

फोन ठेवून टीव्ही लावला. लाल पट्टीवर 'गोव्यात जलप्रलय'. खाली बारीक अक्षरांत 'जनजीवन विस्कळीत'. चित्रात तपकिरी पाण्याचा लोंढा, कागदाच्या होडीसारखी वाहून जाणारी मोटार, छपरावर बसलेली माणसं. सहा-सात तुकडे होते, तेच फिरून फिरून येत होते. मागे ढोल वाजल्यासारखं संगीत.

दहा मिनिटं बघितलं. मग गॅस बंद केला, मागचं दार उघडलं आणि छत्रीही न घेता घाटावर गेले. पाच पायऱ्या उघड्या होत्या. म्हणजे काही नाही. परत आले आणि पुन्हा टीव्हीसमोर बसले.

मला सलतंय ते हे. डोळ्यांनी नदी पाहून आले होते, तरी मन टीव्हीचंच ऐकत होतं. मी कागदपत्रांची पेटी माळ्यावर टाकली, मुलांचे कपडे पिशवीत भरले. शेवटी नणंदेचा मुलगा बारावीतला, तो म्हणाला, "मामी, त्या गाडीची नंबरप्लेट बघ. केएल. हे केरळ आहे." तेव्हा कुठे टीव्ही बंद केला. पिठी लागली होती.

आता माझा प्रश्न. ती मोटार कुठेतरी खरंच वाहून गेली होती, म्हणजे चित्र खोटं नाही. डिचोलीच्या बाजारात त्या दिवशी पाणी साचून काही दुकानं बंद होती, म्हणजे 'विस्कळीत' हा शब्दही खोटा नाही. दोन खऱ्या गोष्टींची मोट बांधली आणि जे तयार झालं ते साफ खोटं. मग खोटं नेमकं शिरलं कुठून?

म्हापशाचा_शुक्रवार, रात्री ९:३१

कितें गो बाय, टीव्ही पळोवप सोड. पिठीची काळजी घे.

कटरूम, रात्री १०:०५

वाळवंटीकाठ ताई, खोटं कुठून शिरलं ते मी सांगू शकतो, कारण ते दार मी स्वतः बारा वर्षं उघडं ठेवलेलं आहे. पणजीतल्या एका केबल वाहिनीत एडिटिंगला होतो. (कुठली ते विचारू नका. आता लग्नांचे व्हिडिओ करतो. पैसे वेळेवर मिळतात आणि नवरीकडची माणसं जेवायला घालतात.)

लोकांना वाटतं आधी चित्र येतं आणि ते बघून बातमी लिहितात. रोजचा प्रकार उलटा असतो. डेस्कवर आधी स्क्रिप्ट तयार होते. निवेदक तिच्यावर व्हीओ देतो, म्हणजे नुसता आवाज. तो आवाज माझ्या टाइमलाइनवर येतो आणि मी त्याच्यावर व्हिज्युअल 'चढवतो'. आमच्यात हाच शब्द, जसं भिंतीला प्लास्टर चढवतात तसं. दीड मिनिटाचा आवाज असेल तर तीन-साडेतीन सेकंदाला एक शॉट या हिशेबाने पंचवीस-तीस शॉट लागतात. रिपोर्टरकडून आलेले असतात पाच. त्यातले दोन हललेले, एकात त्याचाच अंगठा. बुलेटिन साडेसातला, घड्याळात सात पंचवीस. मग सर्व्हरवर 'फ्लड' असं टाइप करायचं आणि जे वर येईल ते ओढायचं.

वर 'फाइल' (म्हणजे जुनं चित्र) असं लिहायचं असतं. आम्ही लिहायचो. पण पट्टी मोठी झाली, टिकर आला, जाहिरातीची चौकट आली की ती चार अक्षरं त्यांच्याखाली गाडली जातात. मुद्दाम कोणी पुसत नाही. आणि तोच तुकडा दुसऱ्या वाहिनीने उचलला की तिथे 'फाइल' जन्मालाच येत नाही. वायनाडच्या दरडींनंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने १२ ऑगस्ट २०२४ ला सगळ्या खासगी वाहिन्यांना सांगितलं की आपत्तीच्या आणि मोठ्या अपघातांच्या दृश्यांवर वरच्या बाजूला तारीख आणि वेळ दाखवा. दुखणं किती जुनं झाल्यावर औषधाची चिठ्ठी आली ते बघा.

आता माझं पाप. एका गावची ग्रामसभा, रविवार सकाळ. खुर्च्या शंभर, माणसं चाळीस. पहिल्या तीन रांगांवर टाइट लावला तर बातमी 'ग्रामस्थ आक्रमक'. मागून वाइड लावला तर 'ग्रामसभेकडे ग्रामस्थांची पाठ'. दोन्ही शॉट एकाच कार्डावर, एकाच मिनिटातले. मी टाइट लावला. सरपंचांचा फोन आला. पुढच्या बुलेटिनला वाइड लावला. मग विरोधकांचा फोन आला. तिसऱ्या बुलेटिनला संपादकांनी बातमीच काढली.

यात हसण्यासारखं आहे, पण हाच प्रकार मोठ्या पडद्यावर झालेला आहे. ९ एप्रिल २००३ ला बगदादच्या फिर्दोस चौकात सद्दामचा पुतळा पाडला, तेव्हा जगाने जवळचे शॉट पाहिले आणि चौक ओसंडून वाहतोय असं समजलं. उंचावरून घेतलेल्या वाइडमध्ये त्याच चौकातला बराचसा भाग मोकळा दिसतो.

गोबरगॅस, रात्री १०:१९

पुरावरून आठवलं. २००५ च्या ऑक्टोबरात न्यूजर्सीत पूर आला होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या वाहिनीची वार्ताहर होडीत बसून, वल्हं मारत थेट प्रक्षेपण करत होती. तिच्या पुढून दोघेजण आरामात चालत गेले. पाणी त्यांच्या घोट्याच्या जरा वर. व्हिडिओ अजून फिरतो. आमच्या आजीला दाखवला तर म्हणाली, "होडी घासली असेल रे खाली."

कांदोळीचा_पाहुणचार, रात्री १०:४४

हसा तुम्ही. माझ्या चार खोल्यांच्या गेस्ट हाउसचं त्या आठवड्यातलं अकरा रात्रींचं बुकिंग रद्द झालं. मी एका पाहुण्याला माझ्या अंगणाचा व्हिडिओ पाठवला, त्यात कुत्रा झोपलाय, कपडे वाळत घातलेत. उत्तर आलं, "तुम्ही तर असंच म्हणणार." म्हणजे टीव्ही साक्षीदार आणि मी आरोपी.

तीच गत २०२४ च्या अखेरीस. आधी समाजमाध्यमांवर आणि मग वाहिन्यांवर 'गोवा ओस पडलं' सुरू झालं. सरकारने मग सांगितलं की वर्षभरात एक कोटीहून जास्त पर्यटक आले. किनाऱ्यावर राहणारा माणूस म्हणून माझं म्हणणं एवढंच की आमचा किनारा सकाळी साडेसातला रोज ओस असतो आणि संध्याकाळी साडेसहाला रोज जत्रा असते. तुम्हाला काय दाखवायचंय त्याप्रमाणे अलार्म लावा. धंदा खरोखर कमी झाला का? थोडा झाला, विदेशी पाहुणे तर आमच्याकडे नक्कीच कमी झालेत. पण ते 'थोडा' कोणाच्या पट्टीवर मावत नाही.

निवृत्त_मास्तर, रात्री ११:२०

चित्रांबद्दल कटरूम बाब बोलले, ते त्यांचं क्षेत्र. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, तर मी शब्दांकडे वळतो.

पाणी साचलं. पाणी तुंबलं. पाणी भरलं. पूर आला. गाव बुडालं. जलप्रलय झाला. ही आपल्या भाषेतली शिडी आहे आणि तिची प्रत्येक पायरी वेगळी आहे. साचतं ते खड्ड्यात. तुंबतं ते गटारात. भरतं ते घरात. पूर येतो तो नदीला. वाहिन्यांनी खालच्या चार पायऱ्या काढून टाकल्या आणि सगळ्यांना थेट गच्चीवर नेऊन बसवलं. यात नुसती अतिशयोक्ती झाली असं समजू नका. 'तुंबलं' म्हटलं की लगेच विचार येतो, गटार कोणी साफ केलं नाही? पालिकेचा कंत्राटदार डोळ्यांसमोर उभा राहतो. 'जलप्रलय' म्हटलं की तो कंत्राटदार सुटला. प्रलय देव करतो, त्याला नोटीस कोण पाठवणार?

दुसरी गोष्ट कर्त्याची. 'पोलिसांनी लाठीमार केला' यात कर्ता समोर उभा आहे. 'लाठीमार करण्यात आला' यात तो दाराआड गेला. 'लाठीमार झाला' यात तर तो घरातच नाही, जणू पाऊस झाला तसा लाठीमार झाला. तिन्ही वाक्यं शुद्ध, तिन्ही खरी. रोज रात्री बातम्या बघताना मी वहीत 'करण्यात आला' मोजत असतो. सौभाग्यवती म्हणतात, निवृत्त झालात तरी वह्या तपासणं सुटलं नाही.

तिसरी, 'खुलासा'. माझ्या लहानपणी मंत्र्याने खुलासा केला म्हणजे त्याने स्पष्टीकरण दिलं. हिंदी वाहिन्यांत खुलासा म्हणजे भांडाफोड. तो अर्थ मराठी पट्टीवर उतरला आणि आता 'मंत्र्यांचा मोठा खुलासा' वाचून मला कळत नाही की त्यांनी काही समजावून सांगितलं की त्यांचं काही बाहेर आलं. ज्या भाषेत स्पष्टीकरण आणि भांडाफोड यांना एकच शब्द, तिथे आरोपीची बाजू मांडायला जागा उरत नाही.

आणि म्हादई नदी. तिच्या पाणीवाटपाच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. आकडे सगळीकडे तेच. पलीकडे बातमी 'हक्काचं पाणी', आपल्याकडे 'पाणी पळवलं', आणि कागदपत्रांत 'वळवणं'. वळवलं म्हटलं की इंजिनिअर दिसतो, पळवलं म्हटलं की चोर. एका अक्षराचं अंतर. मी स्वतः 'पळवलं'च म्हणतो आणि म्हणत राहीन, पण म्हणताना मला ठाऊक असतं की मी बाजू घेतली. (कोकणीत 'पळयलें' म्हणजे पाहिलं. वळवलं, पळवलं आणि आम्ही पळयलें, अशी ती पूर्ण कथा.)

डिचोलीचा_ट्रकवाला, रात्री ११:४८

मास्तरांनू, वळवलं-पळवलं एकदम कडक.

माझा एक शब्द घ्या. 'खाणबंदी'. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ ला ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. विषय होता नूतनीकरण कसं केलं त्याचा. टीव्हीवर शब्द आला खाणबंदी. आमच्या वाड्यावर लोकांना वाटलं कोर्टाने खाण हा धंदाच पाप ठरवला. त्याच्या आधी २०१२ साली बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा नुकसानीचा आकडा आला, ३४,९३५ कोटी. तो अंदाज होता. दोन-तीन दिवस 'अंदाजे' लिहीत होते. मग 'अंदाजे' गळालं, आकडा ३५ हजार कोटी असा गोल झाला आणि पुढे 'घोटाळा' चिकटला. माझे दोन ट्रक कर्जावर. मुलगा कॉलेजात गेला तर पोरं विचारायची, तुमच्या वाट्याला किती कोटी आले रे?

बेकायदेशीर काही झालं नाही असं मी म्हणत नाही. झालं. आम्हीच तो माल वाहिला. पण त्या पट्टीवर खाणमालक आणि ट्रकवाला एकाच मापाची अक्षरं झाले.

ताळगाव_पठार, बुधवार, सकाळी ७:५५

विद्यापीठात मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मास्तरांची शिडी प्रयोगशाळेत मोजलेली आहे, म्हणून राहवत नाही.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. गाड्या एकमेकींना 'लागल्या' अशा अर्थाचं मवाळ क्रियापद वापरलं तेव्हा सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल. 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचं वापरलं तेव्हा ४०.८. चित्र तेच.

दुसऱ्या प्रयोगाने मात्र माझी झोप उडवली होती. आठवड्याने त्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फितीत काच नव्हतीच. 'चक्काचूर' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिल्याचं सांगितलं. त्याहून मवाळ, 'धडकल्या' अशा अर्थाचा शब्द ऐकलेल्यांत ७ जणांनी, आणि ज्यांना वेग विचारलाच नव्हता त्यांच्यात ६ जणांनी.

म्हणजे शब्द नंतर आला आणि मागे जाऊन चित्र दुरुस्त करून आला. आपण समजतो डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं ही दोन खाती वेगळी आहेत. आत सगळं एकाच डब्यात पडतं.

उलटा_वारा, सकाळी ९:१०

पन्नास-पन्नास कॉलेजच्या पोरांनी मोटारीचा वेग चुकवला, त्यावरून गोव्यातल्या पंधरा लाख लोकांची अक्कल काढायची? प्रयोगशाळेत फीत एकदा दाखवतात, बाहेर माणूस चार वाहिन्या, दोन पेपर आणि शेजाऱ्याचं तोंड बघतो.

दुसरं, इथे सगळे असं बोलताहेत जणू वाहिन्या आकाशातून पडल्या. अख्ख्या देशाची टीआरपी पन्नास-साठ हजार घरांतल्या मीटरवर ठरते. त्या घरांनी संथ बातमी बघितली असती तर संथ बातमी मिळाली असती. धागाकर्तीनेच लिहिलंय, पायऱ्या पाहून आले आणि पुन्हा टीव्हीसमोर बसले. का बसलात?

ताळगाव_पठार, सकाळी ९:२६

@उलटा_वारा, अक्कल कोणाचीच काढली नाही. मुद्दा नेमका हा की याचा अकलेशी संबंध नाही. आणि एकदाच दाखवून एवढं होतं, तर तेच सहा तुकडे तासभर फिरवून काय होईल?

वाळवंटीकाठ, सकाळी ९:४०

@उलटा_वारा, का बसले ते सांगते. कारण नदी शांत होती. पायऱ्यांवर बघण्यासारखं काही नव्हतं. टीव्हीवर होतं. घाबरलेल्या माणसाला आपल्या भीतीला जुळेल असंच बघावंसं वाटतं, निदान मला वाटलं.

वास्कोचा_भोंगा, सकाळी १०:३२

चित्र झालं, शब्द झाले, आवाज राहिला.

२०२५ चा मे. आम्ही दाबोळीच्या नौदल तळाच्या जवळ राहतो. मॉक ड्रिलची बातमी ताजी होती. रात्री वडील (वय ७८) टीव्ही बघत होते आणि मी आत होतो. अचानक हवाई हल्ल्याचा भोंगा. वडिलांनी उठून घरातले सगळे दिवे बंद केले, देवघरातली समई पण फुंकली. मी धावत बाहेर आलो. वास्को शांत. भोंगा टीव्हीत वाजत होता, बातमीच्या मागे, संगीत म्हणून. पडद्यावर सांगत होते की कराची बंदर उद्ध्वस्त झालं. सकाळी बंदर जागेवर होतं.

१० मेला नागरी संरक्षण विभागाने वाहिन्यांना सांगितलं की कार्यक्रमांत हे भोंगे वापरू नका. रोज ऐकून लोकांचे कान निर्ढावले तर खऱ्या वेळी कोणी उठणार नाही, हे त्यामागचं कारण. वडिलांना ते वाचून दाखवलं. म्हणाले, "एकाहत्तरला खरा ऐकलाय मी. तुला काय कळणार."

पट्टीवरचा शब्द वाचायला निदान अर्धा सेकंद लागतो. भोंगा थेट पायांत जातो.

मयेची_वाट, सकाळी ११:१५

लिहू की नको असा विचार करत होते.

३ मे २०२५, शिरगावची लईराईची जत्रा. आमच्या वाड्यावरचे धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) होते तिथे. पहाटे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सकाळपासून सगळीकडे एकच शब्द, 'चेंगराचेंगरी'. आणि मागे होमकुंडाची दृश्यं, निखारे, त्यावरून चालणारे धोंड. मुंबईच्या आत्याने फोनवर विचारलं, "किती जण भाजले ग?" कोणी भाजलं नव्हतं. तिला कोणी खोटं सांगितलं नव्हतं. तिने निखारे पाहिले आणि मृत्यू ऐकले.

आणि तो शब्द. चेंगराचेंगरी म्हटलं की वाटतं लोकच एकमेकांवर तुटून पडले, दोष लोकांचा. गर्दीत अडकलेल्या माणसाने काही केलेलं नसतं, त्याला श्वास घ्यायला जागा नसते.

तेव्हापासून मी यावर वाचत असते. इंग्लंडात शेफील्डला हिल्सबरो फुटबॉल मैदानावर १५ एप्रिल १९८९ ला असंच झालं, ९७ जण गेले. चारच दिवसांनी एका मोठ्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनाच दोषी धरलं. मथळा काय होता माहीत आहे? 'सत्य'. २०१६ मध्ये ज्युरीने सांगितलं की प्रेक्षकांचा दोष नव्हता आणि त्यांचे मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाले. सत्तावीस वर्षं लागली एक मथळा पुसायला. लिव्हरपूलमध्ये कित्येक लोक तो पेपर आजही घेत नाहीत.

म्हापशाचा_शुक्रवार, सकाळी ११:२०

काल चेष्टा केली होती. मयेची वाट ताई, माफ करा.

पेडण्याची_सून, दुपारी १:०२

सगळं पटलं. आता दुसरी बाजू ऐका, नाहीतर हा धागा कोणाच्या तरी कामी येईल.

आमच्या गावात डोंगर कापत होते. रात्री जेसीबी, सकाळी ताडपत्री. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात १७अ कलम आहे, परवानगीशिवाय डोंगर कापता येत नाही, पण कलम कागदावर आणि जेसीबी डोंगरावर. आम्ही बायकांनी मोबाइलवर व्हिडिओ काढले आणि एका स्थानिक वाहिनीला दिले. रात्री बातमी लागली. दुसऱ्या दिवशी काम थांबलं. तीन महिने अर्ज करून जे झालं नाही ते दोन मिनिटांच्या चित्राने झालं.

आणि लगेच पुढच्या ग्रामसभेत एकजण उठून काय म्हणाला? "हा व्हिडिओ जुना आहे. दुसऱ्या गावचा आहे. आजकाल टीव्हीवर काय खरं असतं?" सभेतली अर्धी माणसं मान डोलवायला लागली. त्यांनीही केरळच्या मोटारी पाहिलेल्या होत्या ना! वाहिन्यांनी खोटी चित्रं दाखवली त्याचा हिशेब आमच्या खऱ्या चित्राकडून वसूल झाला. शेवटी एका म्हाताऱ्याने व्हिडिओतला फणस ओळखला, तेव्हा सभा वळली. त्या फणसाच्या खोडावर त्याच्या मुलाने लहानपणी कोरलेलं नाव होतं.

'टीव्हीवर सगळं खोटं' हे वाक्य बिल्डरला फार आवडतं.

कटरूम, दुपारी १:३०

फणस. हे सर्व्हरवर टाइप करून मिळत नाही.

जुना_पणजीकर, दुपारी ३:४५

तुम्ही सगळे टीव्हीवर रुसलात, पण माझ्या वडिलांच्या तरुणपणी टीव्ही कुठे होता? पोर्तुगीज राजवटीत छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे जायचा. १९५५ पासून जंगलातून चालणारं 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त रेडिओ केंद्र लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकायचे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवायचे. वडील सांगत, खरखर इतकी की निम्मी वाक्यं आपणच पुरी करायची. ती पुरी करताना प्रत्येकजण आपल्या मनासारखी करायचा, हे मात्र ते हसून सांगत.

१९ डिसेंबर १९६१. आम्ही म्हणतो मुक्ती. लिस्बनमध्ये म्हणत आक्रमण. एकच दिवस, तेच सैनिक. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मानलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, तोवर तेरा वर्षं कागदोपत्री तिकडचा शब्द टिकून होता.

आणि जनमत कौलाचं सांगायचं तर १६ जानेवारी १९६७ ला मतपत्रिकेवर चित्रंच होती, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे गोवा वेगळं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. त्या वेळी 'विलीनीकरण' हा एकच शब्द कोणी 'घरी परतणं' म्हणून वाचला, कोणी 'बुडून जाणं' म्हणून. गोमन्तक आणि राष्ट्रमत, दोन्ही मराठी पेपर, आणि

संपादक_मंडळ, दुपारी ३:५८

जुना_पणजीकर काका, इथे थांबू या. १९६७ वर चार धागे आहेत, चारही कुलूपबंद आहेत. काकांचा उरलेला परिच्छेद त्यांना व्यक्तिगत निरोपात परत पाठवला आहे.

जुना_पणजीकर, दुपारी ४:०३

कापलात ते कापलात, पण वाक्य 'आणि' वर कापलंत. आता लोक उरलेलं मनाने पुरं करतील.

उलटा_वारा, दुपारी ४:४०

हसलो. काका जिंकले.

बरं, एक गोष्ट कालपासून मनात आहे, विचारतोच. वाळवंटीकाठ ताई, मोटारीची प्लेट केएल होती म्हणून ते केरळ, हे तुम्हाला कोणी सांगितलं? कळंगुटच्या पार्किंगमध्ये कुठल्याही रविवारी या. केए, एमएच, टीएस, केएल, सगळ्या प्लेटी मिळतील. केरळची मोटार गोव्यात वाहून जाऊ शकत नाही का? तुम्हाला दोन सेकंदांचं चित्र दिसलं, भाच्याने त्याच्यावर एक शब्द चढवला आणि तुम्ही निर्धास्त झालात. वाहिनीने जे केलं तेच घरात झालं, फक्त या वेळी निकाल सोयीचा लागला.

ताळगाव_पठार, सायंकाळी ५:०५

उगाच तुमच्याशी भांडले सकाळी.

वाळवंटीकाठ, सायंकाळी ७:५०

दुपारभर या प्रश्नाने काम सुचू दिलं नाही.

आधी वाहिनीच्या यूट्यूबवर शोधलं. तो भाग आता तिथे नाही. मग नणंदेकडे फोन करून भाच्याला विचारलं. तो म्हणतो, "मामी, मी केएल कुठे म्हणालो? मी केए म्हणालो होतो." केए म्हणजे कर्नाटक. मी म्हटलं, अरे, तू 'हे केरळ आहे' असंही म्हणालास. तो म्हणतो, ते नीतू म्हणाली, तिला मल्याळम पाटी दिसली होती. नीतूला विचारलं. तिला पाटी आठवते, पण ती त्याच चॅनेलवर की नंतर मोबाइलवर, ते नक्की नाही.

मला मात्र केएल अगदी स्पष्ट दिसतंय. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं, अर्धी पाण्याखाली. आत्ता लिहितानाही दिसतंय. पहिल्या पोस्टमध्ये मी ते ठामपणे लिहिलं आणि तुम्ही चोवीस तास त्यावर चर्चा केलीत. पेडण्याच्या ताईंनी तर 'केरळच्या मोटारी' असा अनेकवचनी उल्लेख केला, माझ्या एका मोटारीवरून.

संपादकांनी पहिली पोस्ट बदलायची सोय दिलीय. बदलू का?

निवृत्त_मास्तर, रात्री ८:१०

बदलू नका. खाली तारीख घालून दुरुस्ती लिहा. आणि त्या दुरुस्तीत कर्ता ठेवा.

कटरूम, रात्री ८:१४

वर 'फाइल' लिहा, ठळक.

कांदोळीचा_पाहुणचार, रात्री ८:३०

ते राहू दे. आज पाऊस धरलाय आमच्याकडे. साखळीला पाणी कसं आहे?

वाळवंटीकाठ, रात्री ८:४१

आत्ताच बघून आले. चार पायऱ्या उघड्या. फोटो टाकू?

म्हापशाचा_शुक्रवार, रात्री ८:४२

टाक. पण शेजारी आजचा पेपर धर.